पेपरात न्यूटन-रॅफसनच्या तीन फेऱ्या हाताने कशासाठी? सॉल्व्हर द्या मुलांना

उपनगरातला_मास्तर:

मुंबईतल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात मी न्यूमरिकल मेथड्स, म्हणजे आकडेमोडीने गणितं सोडवण्याच्या रीती, शिकवतो. न्यूटन-रॅफसन ही त्यातलीच एक: एक अंदाज घ्यायचा आणि फेरीफेरीने तो सुधारत उत्तराकडे जायचं. गेल्या आठवड्यात प्रॅक्टिकलला एक साधी जोडी दिली होती:

क्ष² + य² = ४
क्ष × य = १

पहिलं समीकरण म्हणजे वर्तुळ, दुसरं म्हणजे हायपरबोला. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी सुरुवातीचा अंदाज (१, १) घेतला आणि पहिल्याच पायरीला अडकली. या रीतीत दर फेरीला जेकोबियन लागतो, म्हणजे समीकरणांच्या डेरिव्हेटिव्हचा तक्ता. त्याची पहिली ओळ २क्ष, २य. दुसरी ओळ य, क्ष. फेरीत ज्याने भागायचं तो त्याचा डिटरमिनंट येतो २क्ष² − २य². (१, १) ला तो शून्य. भागायचं कशाने? मुलांनी शेजाऱ्याचा कॅल्क्युलेटर घेऊन पाहिला, आकडेमोड तीनदा तपासली. अंदाजच चुकलाय असं एकाच्याही मनात आलं नाही. का येईल? आमच्या पेपरात अंदाज प्रश्नातच दिलेला असतो. "(२, १) पासून सुरू करून तीन फेऱ्या करा, उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत द्या." मुलं करतात: (२, ०.५), मग (१.९३३३, ०.५१६७), मग (१.९३१९, ०.५१७६). आठ मार्क. याला चार उत्तरं आहेत, त्यातलं हे एक, हे त्यांना कोणी विचारतच नाही.

माझं म्हणणं असं आहे की हाताने फेऱ्या करायला लावणं पेपरातून काढून टाका. परीक्षा लॅबमध्ये घ्या, सॉल्व्हरवर, म्हणजे समीकरणं स्वतः सोडवणाऱ्या प्रोग्रॅमवर. सायलॅब हे गणिताचं सॉफ्टवेअर फुकट आहे. पवईच्या आयआयटीतला फॉसी प्रकल्प कितीतरी वर्षं ते कॉलेजांपर्यंत पोचवतोय, स्पोकन ट्यूटोरिअल मराठीतही आहेत. मार्क द्या ते अंदाज कसा निवडला याला, उत्तरं किती सापडली याला, सुटलं की नाही हे सांगणारा, सॉल्व्हरने परत दिलेला इन्फोचा आकडा वाचला का याला, आणि उत्तर मूळ समीकरणात घालून पाहिलं का याला. आज मुलं एफसॉल्व्ह, म्हणजे सायलॅबमधला सॉल्व्हर, चालवतात आणि पडद्यावर जो आकडा येतो तो जर्नलमध्ये उतरवतात. पायथनच्या सायपाय या लायब्ररीचं एफसॉल्व्ह तर गाडी अडली तरी आकडा देतंच, वर फक्त एक सूचना छापतं की गेल्या दहा फेऱ्यांत म्हणावी तशी प्रगती झाली नाही. ती सूचना वाचणारा विद्यार्थी मला अजून भेटायचाय.

ट्रॉम्बेचा_जुना:

सर, तुमच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण पूर्ण असहमत.

पस्तीस वर्षं प्रोसेस डिझाइन केलं. एक प्रसंग सांगतो. नवीन आलेला मुलगा प्रोपेनच्या एका व्हेसलचा (टाकीचा) आकार काढून माझ्या टेबलावर आला. २७ अंश सेल्सियस, ९ बार, आत वायू. वायूचा दाब, तापमान आणि आकारमान जोडणारं पेंग-रॉबिन्सनचं समीकरण संगणकाने सोडवलेलं, कन्व्हर्ज झालेलं (एका उत्तरावर स्थिरावलेलं), रेसिड्यूअल, म्हणजे उत्तर समीकरणात घातल्यावर उरणारा फरक, जवळजवळ शून्य. एका मोलला ०.०९ लिटर. मी त्याच्यासमोर कागदाच्या कोपऱ्यात वायूचा स्थिरांक ८.३१४ गुणिले ३०० केल्विन भागिले ९ लाख पास्कल केलं. आदर्श वायू धरला तर पावणेतीन लिटर. खरा वायू त्याहून थोडा कमी भरेल, सव्वादोन ते अडीच धरा. याचं ०.०९ कसं? वीसपटीहून जास्त फरक! झालं होतं असं की ते घनसमीकरण आहे आणि त्या दाबाला त्याला तीन उत्तरं असतात. सगळ्यात मोठं वायूचं, सगळ्यात लहान द्रवाचं, मधलं कुठल्याच कामाचं नाही. त्याने अंदाज ०.१ दिला आणि सॉल्व्हर इमानाने द्रवाच्या उत्तरावर जाऊन बसला. व्हेसल काढलं असतं तर घरातल्या पिंपाएवढं निघालं असतं.

सॉल्व्हरची चूक नव्हती. त्या मुलाने आयुष्यात एकदाही हाताने आकडा सरकताना पाहिला नव्हता, ही खरी अडचण. अंदाज ०.१ वरून आकडा कुठे ओढला जातो हे ज्याने बोटांनी अनुभवलंय, त्याला पडद्यावरच्या ०.०९ चा संशय येतो. हाताने करणं काढून टाकलंत तर हा संशय कुठून येणार?

उपनगरातला_मास्तर:

साहेब, तुमची गोष्ट माझ्याच बाजूची आहे. त्या मुलाला वाचवलं कशाने? आदर्श वायूच्या एका ओळीने. न्यूटनच्या तीन फेऱ्यांनी नव्हे. फेऱ्या हाताने करूनही तो ०.१ पासून निघाला असता तर ०.०९ वरच पोचला असता, फक्त दोन तास जास्त लागले असते. उत्तर किती मोठं असायला हवं याचा अंदाज बांधणं शिकवा, मी शंभर टक्के तुमच्याबरोबर. पण पेपरातल्या त्या आठ मार्कांत हे नाहीये.

विरार_फास्ट:

मी टीवायला आहे. सरांच्या कॉलेजचा नाही. मागच्या सेमिस्टरला माझ्याकडून पहिल्या फेरीत एक चिन्ह चुकलं. दुसऱ्या फेरीपासून मी बरोबर केलं, आणि चौथी जास्तीची फेरी करून उत्तर बरोबर आणलं. मला ८ पैकी २ मिळाले. पेपर बघायला मागितला तेव्हा कळलं की "पहिली फेरी चूक, पुढे तपासलं नाही".

पण न्यूटनच्या पद्धतीचं वैशिष्ट्यच हे ना, की वाटेत चूक झाली तरी ती पुढे साचत जात नाही? चुकलेला बिंदू म्हणजे नवा अंदाज. तिथून परत सुरू. रीत स्वतःला सावरते आणि तपासणारे सावरू देत नाहीत. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं.

आणि लॅबचं म्हणाल तर आमच्याकडे सायलॅब शिकवताना कोणी सांगितलं नाही की त्यात अंदाज आधी लिहायचा आणि फंक्शन नंतर, तर ऑक्टेव्ह आणि सायपायमध्ये उलटं. त्यात माझं अख्खं प्रॅक्टिकल गेलं. म्हणजे सॉल्व्हर दिला की मुलं गणिताचा विचार करतील असं नाही, मुलं स्वल्पविराम शोधत बसतात.

ट्रॉम्बेचा_जुना:

बाळा, तुझे मार्क कापले ते अन्यायच. चूक कळली आणि तू एक फेरी वाढवलीस, यालाच मी शिकणं म्हणतो. आणि बघ, हे तुला हाताने केल्यामुळेच कळलं.

सरांना एकच विचारतो. सायलॅबच्या एफसॉल्व्हचा टॉलरन्स, म्हणजे फरक किती लहान झाला की थांबायचं ती मर्यादा, १०⁻¹⁰ आहे, सायपायचा साधारण १.४९ × १०⁻⁸. कशाचा आहे तो? मुलांना विचारा. दहातले नऊ सांगतील, समीकरणात उरलेल्या फरकाचा. तो दोन लागोपाठच्या अंदाजांमधल्या फरकाचा असतो. पाऊल लहान पडलं म्हणजे घर आलं असं नाही, माणूस थकलेलाही असू शकतो. दोन्हींच्या पोटात मिनपॅक हे एकच जुनं सॉफ्टवेअर आहे, १९८० साली अमेरिकेतल्या अरगॉनच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेलं, पॉवेलच्या १९७० च्या पद्धतीवर उभं. ती पद्धत कधी न्यूटनचं पूर्ण पाऊल टाकते, कधी उताराच्या दिशेने आखूड, आणि जेकोबियन दरवेळी नव्याने न काढता ब्रॉयडनच्या रीतीने डागडुजी करून पुढे नेते. यातलं एक वाक्यही त्याला कळणार नाही, ज्याने साधं न्यूटनचं पाऊल स्वतः टाकलेलं नाही.

नळाचं_गणित:

दोघांचंही वाचते आहे. मी पाणीपुरवठ्याच्या जाळ्यांची मॉडेल्स करते, त्यामुळे रोज हजारो अरेषीय समीकरणं सोडवते. माझा मुद्दा वेगळा आहे. सगळ्यात महाग पडणारी चूक अंदाजातही नसते आणि सॉल्व्हरमध्येही नसते. समीकरणातच असते.

पाइपमधलं घर्षण प्रवाहाच्या १.८५२ व्या घाताने वाढतं, हेझन-विल्यम्सचं सूत्र. म्हणून हे जाळं सरळ रेषेत सुटत नाही. हार्डी क्रॉस यांनी १९३६ साली ते हाताने सोडवायची रीत दिली, एकेक वळसा घेऊन प्रवाह दुरुस्त करत जायचं. १९९३ पासून पाण्याच्या जाळ्यांसाठी ईपॅनेट हे सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट. आता मुंबई बघा. सात तलावांचं पाणी, पण नळाला चोवीस तास नाही. भागाभागाच्या वेळा ठरलेल्या, व्हॉल्व्ह उघडला की सगळ्या सोसायट्यांच्या टाक्या एकदम भरायला लागतात. मी एकदा डोंगरउतारावरच्या एका वस्तीचं मॉडेल चालवलं. कन्व्हर्ज झालं, प्रत्येक जोडावर पाण्याचा हिशोब चोख जुळला. आणि वरच्या टोकाच्या जोडावर पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब आला उणे ६ मीटर! म्हणजे तिथल्या बायका नळाखाली हंडा धरून उभ्या आहेत आणि नळ हवा ओढतोय, तरी माझ्या मॉडेलमध्ये त्यांना ठरलेलं सगळं पाणी मिळतंय.

कारण मी मागणी स्थिर धरली होती. दाब असो नसो, पाणी जाणारच, असं मीच समीकरणाला सांगितलं होतं. त्याने माझं ऐकलं. दाबावर अवलंबून मागणी धरायची सोय ईपॅनेटमध्ये २०२० च्या आवृत्तीत आली, ती लावली तेव्हा वरच्या घरांना पाणी पोचत नाही हे आकड्यांत दिसलं. तिथल्या माणसांना ते कधीचं माहीत होतं.

तर सर, मुलांना उत्तर मूळ समीकरणात घालून बघायला सांगा, पण ते तिथे जुळलं म्हणून खरं मानू नका. दाब ऋण आहे का, मिश्रणातल्या एखाद्या घटकाचा मोलचा अंश १ च्या वर गेलाय का, तापमान केल्विनमध्ये उणे आलंय का, हे बघायला सांगा. याला ना हात लागतो ना सॉफ्टवेअर.

शून्याच्या_जवळ:

ताईंच्या बोलण्याला जोड देतो. मूळ समीकरणात घालून पाहणं गणिताच्या दृष्टीनेसुद्धा पुरत नाही. ई चा उणे क्ष वा घात = ० हे समीकरण घ्या. उत्तर नाहीच. न्यूटन शून्यापासून सुरू करा, दरवेळी अंदाज बरोबर १ ने पुढे सरकतो. १४ पायऱ्यांनी रेसिड्यूअल ८.३ × १०⁻⁷. रेसिड्यूअलसाठी टॉलरन्स १०⁻⁶ ठेवला असेल तर "सुटलं" म्हणून मोकळे, क्ष = १४. समीकरणात घातलं तर जुळतंही.

उलटही होतं. क्ष³ − २क्ष + २ = ० ला उत्तर आहे, उणे १.७७ च्या आसपास. शून्यापासून निघा: ०, १, ०, १, ०, १... जन्मभर. हे मात्र मी पेपरात हाताने करायला देईन. दोन ओळींचं काम आहे आणि विद्यार्थी ते कधी विसरत नाही.

उपनगरातला_मास्तर:

हा प्रश्न आवडला. ताईंचं तर मी उद्याच वर्गात सांगणार आहे. पण ट्रॉम्बेच्या साहेबांना अजूनही म्हणेन, तीन फेऱ्या चार दशांशांपर्यंत लिहून घेण्यात विद्यार्थ्याचा वेळ कॅल्क्युलेटरवर जातो. तेवढ्या वेळात तो वीस वेगवेगळ्या अंदाजांपासून सॉल्व्हर चालवून नकाशा काढू शकतो, कुठून निघालं की कुठे पोचतो याचा.

विरार_फास्ट:

सर, तुम्ही म्हणालात म्हणून मी तो नकाशा केला. तुमचंच वर्तुळ-हायपरबोलाचं गणित. एफसॉल्व्ह नाही वापरलं, साधा न्यूटन स्वतः लिहिला, पंधरा ओळींत झाला. उणे ३ ते ३ पर्यंत बारीक जाळी घेतली आणि चार उत्तरांना चार रंग.

मला वाटलं होतं काहीतरी वेडावाकडा आकार येईल. आलं काय, तर एक स्वच्छ फुली! क्ष = य ही एक रेषा, क्ष = −य ही दुसरी. चार पाचरी, प्रत्येकीत एक उत्तर. एकही ठिपका इकडचा तिकडे नाही. आधी वाटलं प्रोग्रॅम चुकला. जाळी आणखी बारीक केली, तेच.

मग आज सकाळी गाडीत वहीवर बसलो. दहिसरला पहिल्या समीकरणात दुसऱ्याची दुप्पट मिळवली: (क्ष + य)² = ६. वजा केली: (क्ष − य)² = २. म्हणजे क्ष + य ला एक अक्षर आणि क्ष − य ला दुसरं अक्षर दिलं, तर हे दोन वेगवेगळे वर्गमूळ काढायचे प्रश्न आहेत, एकमेकांशी काही संबंध नाही. (२, १) म्हणजे बेरीज ३, वजाबाकी १. एका पायरीनंतर बेरीज २.५, वजाबाकी १.५. म्हणजे (२, ०.५). सरांनी वर दिलंय तेच! आणि (१, १) ला वजाबाकी शून्य, म्हणून भागाकार अडतो. अंधेरी कधी गेलं कळलं नाही.

ट्रॉम्बेचा_जुना:

शाब्बास रे! मनापासून शाब्बास.

वर्गमूळ काढताना न्यूटन कधी चिन्ह बदलत नाही. धनातून निघाला की धनातच राहतो. म्हणून तुझी फुली. आणि समीकरणांची अशी बेरीज-वजाबाकी केली, अक्षरं अशी बदलली, तरी न्यूटनच्या पायऱ्या तशाच्या तशा राहतात, म्हणून तुझं (२, ०.५) जुळलं. १८७९ मध्ये आर्थर केली या इंग्रज गणितज्ञांनी हाच प्रश्न संमिश्र संख्यांसाठी घेतला होता. वर्गसमीकरणाला दोन उत्तरांच्या इलाख्यांमधली हद्द सरळ रेषा निघाली. घनसमीकरणाला हात घातला आणि तिथे ते अडले. त्या हद्दी किती गुंतागुंतीच्या असतात याची चित्रं संगणक आल्यावरच माणसाला दिसली.

सर, नकाशा संगणकाने दिला हे मान्य. पण तो तसा का, हे दहिसरला वहीवर कळलं. माझं मत मी बदलत नाही, पण तीन फेऱ्यांऐवजी एक फेरी हाताने आणि बाकी लॅबमध्ये, एवढ्यावर यायला तयार आहे.

उपनगरातला_मास्तर:

एक फेरी, पण अंदाज विद्यार्थ्याने स्वतः निवडायचा, आणि तोच का याची दोन वाक्यं लिहायची. चुकलेल्या फेरीनंतर सावरलं तर पूर्ण मार्क. एवढं असेल तर मीही तयार. पेपर काढणाऱ्यांच्या बैठकीत असंच मांडतो.

विरार_फास्ट, दुसऱ्या समीकरणात क्ष × य च्या जागी क्ष² × य = १ कर. आता बेरीज-वजाबाकीने सुटणार नाही. नकाशा काढून इथेच टाक.

विरार_फास्ट:

रविवारी करतो सर. किती उत्तरं येतील ते आधी दोन्ही आलेख काढून बघतो, मग अंदाज धरतो.