सरकार कोणाचं यावर खून कमीजास्त होतात का?

वऱ्हाडी_ठेचा: निवडणूक आली की जो तो दुसऱ्याच्या राज्याला जंगलराज म्हणतो, पण सत्तेतल्या पक्षाचा आणि खुनांचा खरंच काही संबंध असतो का?

पुणेरी_मिसळ: एनसीआरबी (केंद्राचा गुन्ह्यांची नोंद ठेवणारा विभाग) २०२२ चे आकडे बघा ना, यूपीत ३,४९१ खून, महाराष्ट्रात २,२९५, पण लाख लोकांमागे काढलं तर यूपी १.५ आणि आपण १.८, आता बोला!

टिवल्याबावल्या: यूपीचे आकडे खरे कशावरून, ठाण्यात एफआयआरच घेत नाहीत..

पुणेरी_मिसळ: अहो चोरी, मारामारी दडपता येते, मढं कुठे लपवणार? (तसं तेही लपवतात म्हणा)

कोकणी_माणूस: केरळात डावे नि काँग्रेसवाले आलटूनपालटून, कन्नूरला राजकीय खून वर्षानुवर्षं, तरी राज्याचा दर कमीच. झारखंडात लाखामागे ४, तिथे चेटकीण ठरवून बायकांना मारतात, त्यात पक्ष कुठून आला?