मदत हवी आहे: गिटला पाठवलेला पॅच लिस्टवर दिसतच नाही

गिरणाकाठ
गिटमध्ये (फाइल्समधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) एक बग आहे. मी तो दुरुस्त केला, पॅच (बदलाची फाइल) बनवला आणि त्यांच्या मेलिंग लिस्टवर पाठवला. आर्काइव्हमध्ये तो कुठेच दिसत नाही. परत पाठवला, तरी नाही. दुरुस्ती एका ओळीची आहे आणि माझ्या मशीनवर चालते. आमच्या ग्रुपचं काम यावर अडलंय, सुट्ट्या संपायच्या आत मार्गी लावायचंय. इथे कुणी गिटला पॅच पाठवलाय का? नेमकं काय करायचं ते सरळ सांगा.

भुसावळ_यार्ड
बग कोणता? व्हर्जन कोणतं? विंडोज की लिनक्स? मेल कशावरून पाठवली? पॅच मेलच्या मजकुरात होता की अटॅचमेंट लावली? पाठवल्यावर उलट काही मेल आली का? यातलं काहीच लिहिलं नाहीस, मग सांगणार काय?

कोडकट्टा
मेलबिलच्या भानगडीत कशाला पडतोस? गिटहब या साइटवर गिटची रिपॉझिटरी (कोडचा साठा) आहे. फोर्क (स्वतःची प्रत) कर, पुल रिक्वेस्ट (‘माझा बदल घ्या’ अशी विनंती) टाक, विषय संपला. आजकाल मेलने पॅच कोण पाठवतं?

पांझरा
गिट स्वतः मेलनेच पॅच घेतं. लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं, त्याच वर्षी जुलैत जुनिओ हमानोंकडे सोपवलं, आणि तेव्हापासून आजपर्यंत लिस्टवर चर्चा होऊनच पॅच आत जातो. गिटहबवरची ती नुसती प्रत आहे. तिथे टाकलेली पुल रिक्वेस्ट कुणी थेट मर्ज करत नाही. चुकीचा रस्ता दाखवू नका.

कोडकट्टा
मी तिथे ढिगाने पुल रिक्वेस्ट पाहिल्या आहेत. मग त्या काय शोभेला आहेत?

पांझरा
त्या गिटगिटगॅजेटसाठी आहेत. तो बॉट पुल रिक्वेस्टचं मेलमध्ये रूपांतर करून लिस्टवर पाठवतो. पहिल्यांदा येणाऱ्याला आधी परवानगी लागते, आधीपासून परवानगी असलेल्या कुणीतरी पुल रिक्वेस्टवर ‘अलाउ’ची कमांड लिहावी लागते. मग आपण ‘सबमिट’ लिहायचं. म्हणजे वाट आहे, पण ती शेवटी लिस्टवरच निघते. आणि उत्तरं वाचायला, प्रत्युत्तर द्यायला मेल लागतेच.

गिरणाकाठ
उबुंटू आहे. पॅचची फाइल फोनवर घेतली आणि फोनच्या मेल ॲपमधून मजकुरात चिकटवून पाठवली. उलट मेल आलेली दिसत नाही.

बग असा: आम्ही अहिराणी शब्द गोळा करतोय. प्रत्येक शब्दाची वेगळी फाइल, फाइलचं नाव म्हणजे तोच शब्द. ‘गिट स्टेटस’ (काय बदललं ते दाखवणारी कमांड) मारलं की नावाच्या जागी अवतरणचिन्हांत नुसत्या तिरप्या रेघा आणि आकडे येतात. ‘अ’ने सुरू होणारी प्रत्येक फाइल ३४०, २४४, २०५ अशी सुरू होते. कुठला शब्द बदलला ते कळायला मार्ग नाही. ग्रुपमधली निम्मी मुलं बीएची आहेत. त्यांना वाटलं फाइल्स खराब झाल्या. दोघींनी तर चांगल्या फाइल्स डिलीट करून सगळं पुन्हा टाइप केलं. मी सोर्समध्ये शोधलं तर एका ठिकाणी १ होता, त्याचा ० केला, नावं नीट दिसायला लागली. तोच पॅच.

अक्षरसेवा
हा फॉन्टचा प्रश्न आहे. तुमच्या फाइल्स जुन्या श्रीलिपीत किंवा तसल्याच कुठल्या फॉन्टमध्ये असणार. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या. मी जुन्या दिवाळी अंकांचा मजकूर असाच बदलला आहे. जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासावे लागतात, बाकी काम भराभर होतं. कन्व्हर्टर हवा असेल तर सांगा.

भुसावळ_यार्ड
फॉन्टचा काही संबंध नाही. युनिकोड आहे म्हणूनच असं दिसतंय. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. ३४०, २४४, २०५ हे ‘अ’चेच तीन बाइट, अष्टमान पद्धतीत लिहिलेले. साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडचे बाइट गिट मुद्दाम असे छापतं.

गिरणाकाठ, हा बग नाही, सेटिंग आहे. ‘कोअर डॉट कोटपाथ’ हे कॉन्फिग ‘फॉल्स’ करून टाक, ‘ग्लोबल’ लावून. पॅचशिवाय तुमचं काम आत्ता, या मिनिटाला चालू होईल. ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या मशीनवर एकदा करावं लागेल, कारण रिपॉझिटरीची प्रत (क्लोन) घेतली तरी ते सेटिंग तिच्याबरोबर जात नाही.

यावलचा_पाटील
अहिराणीचं काम चाललंय हे वाचून बरं वाटलं. पण खानदेश म्हटलं की सगळे अहिराणीवरच थांबतात. आमच्या यावल-रावेर पट्ट्यात लेवा गणबोली आहे, तिचे शब्द कोण गोळा करणार? दोन्हीकडे सारखे असलेले शब्द तुम्ही कुठल्या खात्यात टाकता?

गिरणाकाठ
सेटिंग केलं, नावं दिसली. ग्रुपला पण पाठवलं. पण माझा प्रश्न तो नव्हता. गावाकडचा एखादा मुलगा पहिल्यांदा गिट उघडेल आणि स्वतःच्या भाषेतलं नाव आकड्यांत बघेल, त्याला हे सेटिंग आहे हे कोण सांगणार? डीफॉल्टच, म्हणजे मुळातलं सेटिंगच, बदलायला हवा. म्हणून पॅच. पॅच का पोचत नाही ते सांगा.

पाटील काका, लेवा बोलीचे शब्द पण घेऊ. तुमच्याकडची माणसं लागतील. वेगळा धागा काढा, मी येतो.

सातपुडा_वारा
मी कितीतरी वर्षं मर्क्युरियल वापरतो, गिटसारखंच दुसरं सॉफ्टवेअर. तेही एप्रिल २००५ चंच. त्याआधीच्या बिटकीपर नावाच्या तसल्याच सॉफ्टवेअरने लिनक्सवाल्यांची फुकट सोय काढून घेतली, त्यातूनच दोन्ही जन्मली. कमांड समजायला सोप्या, नवख्या माणसाला लगेच जमतात. शब्दसंग्रहासारख्या कामाला गिटचा एवढा पसारा लागत नाही. एकदा वापरून बघा.

पांझरा
वारा साहेब, मर्क्युरियल चांगलंच आहे, पण त्यांचा ग्रुप गिटवर आहे आणि प्रश्न पॅच पोचण्याचा आहे.

गिरणाकाठ, मेल न पोचण्याचं कारण जवळपास नक्की सांगते. ती लिस्ट फक्त साधा मजकूर घेते. एचटीएमएल (फॉन्ट, रंग वगैरे सजावटीचा कोड) असलेली मेल आत घेतच नाही. फोनची बहुतेक मेल ॲप्स न विचारता एचटीएमएल जोडतात. कॉम्प्युटरवर ब्राउझरमधून प्लेन टेक्स्ट मोडमध्ये चिकटवून बघशील, तर तेही करू नकोस. तिथे टॅबचे स्पेस होतात, लांब ओळी मोडतात. मेल पोचते, पण पॅच समोरच्याकडे लागतच नाही. यावर एकच भरवशाचा उपाय: ‘गिट फॉरमॅट-पॅच’ने फाइल बनवायची आणि ‘गिट सेंड-ईमेल’ने पाठवायची. मध्ये कॉपी-पेस्ट नाही.

गिरणाकाठ
‘सेंड-ईमेल ही गिटची कमांड नाही’ असं म्हणतंय.

पांझरा
उबुंटूवर ते वेगळं पॅकेज आहे, ‘गिट-ईमेल’ नावाचं. ते टाक. मग सर्व्हर, पोर्ट ५८७, एन्क्रिप्शन टीएलएस एवढं कॉन्फिगमध्ये भर. जीमेल असेल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. टू-स्टेप चालू करून ॲप पासवर्ड काढावा लागतो. तो इथे धाग्यावर चिकटवू नकोस. पहिली मेल स्वतःलाच पाठव आणि आलेल्या मेलवर ‘गिट एएम’ (मेलमधला पॅच लावणारी कमांड) चालवून बघ. तुझ्याच मशीनवर पॅच लागला नाही तर हमानोंच्या मशीनवर कसा लागेल?

साक्री_रोड
मनाकडे बी असंच व्हयेल व्हतं भो! ॲप पासवर्ड टाकताना मधल्या जागा काढून टाक, मग लागतो.

भुसावळ_यार्ड
पोचण्याचं झालं. आता पॅचबद्दल बोलतो, कारण आहे तसा पाठवलास तर पहिल्याच उत्तरात अडकशील. ‘मेक टेस्ट’, म्हणजे गिटबरोबर येणाऱ्या तपासण्या, चालवलंस का?

गिरणाकाठ
एका शून्यासाठी सगळ्या टेस्ट कशाला? माझ्या लॅपटॉपवर त्याला खूप वेळ लागेल.

भुसावळ_यार्ड
सगळ्या नको. ‘टी’ फोल्डरमध्ये जा, टी३९०२ क्रमांकाची ‘कोटेड’ नावाची स्क्रिप्ट आहे, तेवढीच चालव.

गिरणाकाठ
चालवली. फेल.

भुसावळ_यार्ड
होणारच. ती टेस्ट नेमकं हेच तपासते की काही न सांगता नावं आकड्यांत येतात. ती स्क्रिप्ट उघडून बघ. त्यातली फाइलची नावं जपानीत आहेत, खुद्द हमानोंचं नाव आहे तिथे. म्हणजे ज्या माणसाकडे तू पॅच पाठवतोयस, त्याचं स्वतःचं नाव गिट आकड्यांत छापतं, आणि तरी डीफॉल्ट तसाच आहे. जगभरच्या लोकांच्या स्क्रिप्ट त्या छापण्यावर अवलंबून आहेत. नुसता १ चा ० करून चालत नाही. कुणाचं काय मोडेल आणि त्यांनी काय करायचं, हे कमिटच्या, म्हणजे बदलाच्या नोंदीच्या, मजकुरात सांगावं लागतं.

गिरणाकाठ
म्हणजे इंग्रजी नाव असणाऱ्यांना सगळं सोपं आणि आपण कायम सेटिंग शोधत फिरायचं? हे मला पटत नाही. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला ‘-झेड’ हा पर्याय आहेच, त्यात नावं जशीच्या तशी येतात. माणसाला दिसणाऱ्या यादीत तरी माणसाला वाचता येईल असं नाव यावं.

पांझरा
हा मुद्दा बरोबर आहे, आणि हाच मुद्दा मेलमध्ये लिही. पण आकड्यांचा एक उपयोग तुमच्याच कामात आहे, तो आधी बघ. अहिराणीत ‘ऱ्हायना’, ‘ऱ्हास’ असे शब्द येणारच. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक स्वतंत्र चिन्ह, बाइट ३४०, २४४, २६१. दुसरा म्हणजे साधा र आणि त्याला नुक्ता (खालचं टिंब): ३४०, २४४, २६० आणि पुढे ३४०, २४४, २७४. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. एकाने एका कीबोर्डवरून टाइप केलं, दुसरीने दुसऱ्यावरून, की लिनक्सवर गिटसाठी त्या दोन वेगळ्या फाइल्स. कोटपाथ बंद असेल तर यादीत एकच शब्द दोनदा दिसेल आणि का ते कळणार नाही. आकडे चालू केले की फरक लगेच दिसतो.

गिरणाकाठ
ताई, हे आमच्याकडे झालंय! ‘ऱ्हायना’ दोनदा आहे. आम्हाला वाटलं मर्ज करताना गडबड झाली. आत्ता आकडे चालू करून पाहिलं, एकात २६१ आहे, दुसऱ्यात २६० आणि २७४.

अक्षरसेवा
मी तेच म्हणत होतो, टायपिंगचा प्रश्न आहे. सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरा, इनस्क्रिप्ट. बाकीच्यांमुळेच हा गोंधळ होतो.

कोडकट्टा
इनस्क्रिप्ट आजकालची मुलं शिकणार आहेत का? फोनवर सगळे इंग्रजीतून टाइप करून मराठी करतात. कमिट करायच्या आधी एक हुक (आपोआप चालणारी स्क्रिप्ट) लावा, नावं एका रूपात आणून टाकेल. पायथनमध्ये ‘युनिकोडडेटा’ नावाचं मॉड्यूल आहे, त्यातलं ‘नॉर्मलाइझ’, रूप ‘एनएफसी’. चार ओळींचं काम. हे मात्र मी खात्रीने सांगतो, आमच्या ऑफिसात लावलंय.

पांझरा
हुकची सूचना चांगली आहे, लावा. एनएफसीमध्ये दोन्ही ‘ऱ’ एकाच चिन्हावर येतात.

अभियंता_शिरपूर
गिरणाकाठ, हे गुगल समर ऑफ कोडसाठी (ओपन सोर्सच्या कामाला स्टायपेंड देणारा गुगलचा कार्यक्रम) करतोयस का? गिट त्यात भाग घेतं. अर्ज करण्याआधी एखादा छोटा पॅच लिस्टवर पाठवावा लागतो. स्टायपेंड किती असतो कुणाला माहीत आहे का?

गिरणाकाठ
नाही, आमच्या शब्दांसाठी करतोय. स्टायपेंडचं वेगळं विचारा.

ताई, यार्ड दादा, मग आता पाठवू काय? डीफॉल्ट बदलायचा पॅच सोडून द्यायचा का?

पांझरा
सोडू नकोस, पण दोन भाग कर. पहिला भाग कागदपत्रांचा. गिटच्या डॉक्युमेंटेशनमध्ये नेहमीच्या प्रश्नांचं एक पान आहे. ‘फाइलचं नाव आकड्यांत का दिसतं’ हा प्रश्न तिथे आहे का बघ, नसेल तर प्रश्न-उत्तर लिहून पाठव. उदाहरणात देवनागरी नावच घाल. नवख्या मुलाला शोधल्यावर सापडेल अशी जागा ती. असा पॅच कुणाचं काही मोडत नाही, आणि पाठवण्याची सगळी रीत हाताखालून जाते.

दुसरा भाग डीफॉल्टचा. तो ‘आरएफसी’ म्हणून पाठव, फॉरमॅट-पॅचला तसा पर्याय आहे. म्हणजे ‘हा घ्याच’ असं नाही, ‘यावर मत द्या’ असं. त्यात तुझ्या बीएच्या मुलींनी फाइल्स डिलीट केल्याचं जरूर लिही. ते खरं घडलेलं आहे, नुसती तक्रार नाही. सोबत ‘ऱ’ची अडचणही स्वतःहून लिही, समोरच्याने काढण्याची वाट बघू नकोस.

भुसावळ_यार्ड
आणि रीतीचं थोडं. कमिटला ‘-एस’ लाव म्हणजे साइन्ड-ऑफ-बायची ओळ येते. ‘हे काम माझं आहे आणि द्यायचा मला हक्क आहे’ असा तिचा अर्थ, ती नसेल तर पॅच घेत नाहीत. पहिल्या ओळीत आधी विभाग, मग कोलन, मग छोट्या अक्षरात काय करायचं ते, शेवटी पूर्णविराम नाही. उत्तर देताना त्यांच्या मजकुराच्या खाली, मुद्द्यागणिक लिहायचं. सगळ्यात वर लिहून खाली आख्खी मेल लोंबत ठेवलेली त्यांना चालत नाही. सोर्सबरोबर ‘सबमिटिंग पॅचेस’ नावाची फाइल येते, ती एकदा पूर्ण वाच. आणि खरा बग सापडला तर ‘गिट बगरिपोर्ट’ चालव. व्हर्जन, सिस्टीम वगैरे आपोआप भरलेला कागद मिळतो. मी पहिल्यांदा जे जे विचारलं, ते सगळं त्यात येतं.

यावलचा_पाटील
लेवा बोलीचा धागा काढला आहे. शब्द आहेत, टाइप करणारी पोरं पाठवा.

गिरणाकाठ
सेंड-ईमेलने डॉक्युमेंटेशनचा पॅच पाठवला. आर्काइव्हमध्ये दिसला! एकाचं उत्तरही आलं. मजकूर ठीक आहे म्हणतात, पण उदाहरणाची एक ओळ लांब आहे आणि कमिटच्या मजकुरात ‘का’ जास्त स्पष्ट हवं. दुरुस्त करतोय. आता दुसरी आवृत्ती नवीन मेल म्हणून पाठवायची की त्याच चर्चेत? आणि काय काय बदललं ते कमिटमध्ये लिहू का?

पांझरा
त्याच चर्चेत. फॉरमॅट-पॅचला ‘-व्ही२’ दे, पाठवताना ‘इन-रिप्लाय-टू’मध्ये पहिल्या मेलचा मेसेज-आयडी घाल. काय बदललं ते कमिटमध्ये नको, कारण ते इतिहासात कायमचं राहतं आणि नंतर वाचणाऱ्याला त्याचं काम नसतं. पॅचच्या फाइलमध्ये साइन्ड-ऑफच्या खाली तीन रेघा असतात. त्या रेघांच्या खाली लिही, ‘गिट एएम’ तेवढा भाग गाळून टाकतं.