काँक्रिटीकरणात झाडांचे बुंधे सिमेंटने बुजवले आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या वसाहतीतल्या मुख्य रस्त्याचं काँक्रिटीकरण नुकतंच झालं. दोन्ही बाजूंना करंज, कडुलिंब, सोनमोहर आणि काही जुने वर्षावृक्ष आहेत. ठेकेदाराने सिमेंट थेट सालीला भिडवलं आहे. जिथे पेव्हर ब्लॉक बसवले, तिथल्या फटीही सिमेंटनेच भरल्या आहेत. पाइपसाठी जेसीबीने चर खणला तेव्हा मनगटाएवढी मुळं तुटून वर आली होती, ती राडारोड्याच्या गाडीतून गेली. झाड एकही तोडलेलं नाही, त्यामुळे कागदोपत्री सगळं ठीक आहे.

ठीक नाही, हे इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. पाणी आणि अन्नद्रव्यं शोषणारी बारीक मुळं बहुतेक करून वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि त्यांना मातीतल्या पोकळ्यांमधली हवा लागते. वरून सिमेंटचं झाकण बसलं की पाऊसही आत जात नाही आणि हवाही नाही. शिवाय एका बाजूची आधारमुळं तुटलेली. मग पावसाळ्यात जोराचा वारा आला की झाड आडवं होतं, खाली गाडी किंवा माणूस सापडतो आणि ‘झाड जुनं झालं होतं’ असा निष्कर्ष निघतो. मला याची खरोखर भीती वाटते, कारण शाळेच्या रिक्षा याच झाडांखाली थांबतात.

उद्यान विभागात गेले तर ‘रस्त्याचं काम आमच्याकडे नाही’. रस्ते विभागातले कनिष्ठ अभियंता सभ्यपणे बोलले, पण ‘झाडांचं उद्यान विभागाला विचारा’ यापलीकडे गेले नाहीत. शहराचं नाव इथे देत नाही. मला कुठल्या कार्यालयाला झोडपायचं नाही, झाडं वाचवायची आहेत.

मी वाचलं ते असं : महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रातील झाडांच्या १९७५ च्या कायद्यात ‘झाड तोडणे’ या व्याख्येतच जाळणं, कापणं आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं येतं. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं आहे. आमचे वर्षावृक्ष त्यात नक्की बसतील असं जुने रहिवासी सांगतात. आणि दिल्लीत २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने झाडांभोवतीचं एक मीटर त्रिज्येतलं काँक्रीट काढण्याचे, झाडांवरचे खिळे, फलक, तारा उतरवण्याचे आदेश तिथल्या यंत्रणांना दिले होते. तो आदेश दिल्लीपुरता होता, पण आमच्या अर्जात त्याचा दाखला देऊन काही उपयोग होतो का?

अर्ज नेमका कुणाच्या नावाने करावा? आणि घट्ट झालेलं सिमेंट झाडाला आणखी इजा न करता काढायचं कसं? काही शेजाऱ्यांचं म्हणणं आहे की माती उघडी ठेवली तर चिखल होईल आणि पार्किंगची जागा जाईल. त्यांच्याशी बोलायला मुद्दे हवे आहेत. आपणच छिन्नी-हातोडा घेऊन रविवारी सुरुवात करू, असं काही तरुण म्हणताहेत. ते कायद्याने चालेल का?

प्रतिसाद

ताई, परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्याला हात लावू नका. उद्या रस्ता खचला तरी खापर तुमच्यावर फुटेल. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याच्या नावाने करा आणि प्रत आयुक्तांना द्या. महापालिकेत वृक्ष प्राधिकरणाचे, म्हणजे झाडांबाबत निर्णय घेणाऱ्या मंडळाचे, अध्यक्ष आयुक्तच असतात, त्यामुळे ‘हा विभाग, तो विभाग’ हा प्रश्न त्यांच्या टेबलावर संपायला हवा. कायद्यातली ती व्याख्या अर्जात शब्दशः उतरवा. दिल्लीचा आदेश दाखला म्हणून जोडा, बंधनकारक म्हणून नको. प्रत्येक झाडाचा जवळून एक आणि लांबून एक फोटो, शेजारच्या घराच्या खुणेसह. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

सोबत माहिती अधिकार. अंदाजपत्रक, कार्यादेश, निविदेतल्या झाडांसंबंधीच्या अटी आणि मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही) मागा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा अर्ज आटोपशीर ठेवा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचाही हक्क आहे, तो फार कमी लोक वापरतात. मोजमाप पुस्तिका यासाठी की प्रत्येक झाडाभोवती साचा लावून चौकोन सोडायचा तर मजुरी वाढते, आणि सरसकट ओतलं तर काँक्रीटचं क्षेत्रफळ, म्हणजे बिलात दाखवायचं माप, वाढतं. ठेकेदाराचं अंतिम बिल निघायच्या आत तक्रार नोंदली गेली तर दुरुस्ती त्याच्याच खर्चाने करून घेता येते. म्हणून घाई करा.

प्रतिसाद

मी उद्यानकामात आहे, फक्त झाडांपुरतं सांगतो. बुंध्याजवळ ब्रेकर मशीन अजिबात नको. बाहेरच्या कडेने कटर मारून तुकडे सुटे करायचे आणि सालीजवळचा भाग छिन्नीने हळूहळू काढायचा. एक मीटर मिळाला तर उत्तम, नाही तर जेवढा मिळेल तेवढा घ्या. खाली ठेचलेलं मूळ दिसलं तर धारदार करवतीने स्वच्छ काप द्या, फाटकं ठेवू नका.

आणि कृपा करून नंतर पार बांधू नका! सिमेंट काढलं की लोक हौसेने टाइल्सचा कट्टा बांधतात, आत बुंध्यावर फूटभर माती चढवतात आणि झाड तिथूनच कुजतं. बुंधा जिथे पसरट होऊन मुळं सुरू होतात तो भाग उघडा दिसला पाहिजे. भुसभुशीत माती, थोडं शेणखत, वर पालापाचोळ्याचा दोन-तीन इंच थर, तोही सालीला न टेकवता. चिखलाची तक्रार करणाऱ्यांना हा थर दाखवा. उघडी माती पाऊस पिते, रस्त्यावरचं पाणी तेवढंच कमी होतं. ज्या झाडांची मुळं चराने तुटली आहेत त्यांची पाहणी मात्र आधी करून घ्या. एका बाजूला झुकलेलं झाड असेल तर त्याच्या फांद्यांचं वजन शास्त्रीय पद्धतीने कमी करावं लागेल, आणि त्यासाठीही परवानगी लागते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. अंतिम बिलाचा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता. अर्ज उद्याच देते, माहिती अधिकाराचा वेगळा. तरुणांना झाडांच्या नोंदी आणि फोटोंच्या कामाला लावलं आहे. पाराबद्दल सांगितलंत ते फार बरं झालं, कारण एका मंडळाने कट्ट्यासाठी वर्गणी गोळा करायला सुरुवातही केली होती.

आणखी एक विचारते. झाडाचं वय ५० वर्षांच्या वर आहे हे दाखवायला काय ग्राह्य धरतात? वसाहतीच्या स्थापनेच्या वेळचे काही फोटो एका आजोबांकडे आहेत, त्यात रोपं स्पष्ट दिसतात. कुणी असे फोटो वृक्ष अधिकाऱ्याकडे दिले असतील तर कृपया अनुभव लिहा. अर्जाचा मराठी नमुना असेल तर तोही इथेच टाका.