मदत हवी आहे: आई-आप्पांना घेऊन अंदमान, सहा दिवस कसे बसवू?

नमस्कार मंडळी,

मी जळगावला नोकरी करते, माहेर यावल तालुक्यात. जानेवारीच्या शेवटी आई-आप्पांना अंदमानला न्यायचं आहे. आम्ही तिघंच. दिवस कसे बसवायचे तेच ठरत नाहीये, म्हणून तिकिटं अजून काढलेली नाहीत. घरातल्या वयस्कर माणसांना घेऊन जे जाऊन आलेत, त्यांनी कृपया वेळ काढून वाचा.

आप्पा 62 वर्षांचे, केळीवाले. मृगबाग (मृगात लावलेली केळी) निसवायला, म्हणजे घड बाहेर पडायला, लागली की ते बांध सोडून हलत नाहीत, म्हणून त्याआधीचे हे दोन-तीन आठवडे. सुदैवाने तिकडचाही तो चांगला हंगाम आहे. मे ते सप्टेंबर तिथे पावसाळा असतो आणि समुद्र खवळलेला असतो. आप्पांचा उजवा गुडघा दुखतो. सपाटीला चालतात, पण पायऱ्या उतरताना त्रास होतो. माळकरी आहेत.

आई 58 वर्षांची. समुद्र तिने एकदाच पाहिलाय, मुंबईला, लग्नाच्या गडबडीत, टॅक्सीतून. अंदमानचं नाव काढल्यावर तिचं पहिलं वाक्य, "चारीकडे पानी अन् मंधी आपन. नको वं बाई." दिवाळीत चांगदेवला दर्शनाला गेलो, तेव्हा तापी-पूर्णेच्या संगमावर मी तिला मुद्दाम होडीत बसवलं. एका हाताने होडीची कड आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट तिने इतकं घट्ट धरलं होतं की उतरल्यावर बोटांचे वळ दिसत होते. पण मध्येच एक बगळा पाण्याला टेकून गेला, तेव्हा माझं मनगट सोडून तिने त्याच्याकडे बोट दाखवलं. तेव्हाच मी ठरवलं की हिला समुद्र नीट दाखवायचा. घाईत नाही, बसून.

धाकट्या भावाचं म्हणणं मालदीवला न्या. तिथे बहुतेक ठिकाणी एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं, म्हणजे चार दिवस त्याच आवारात. शेतकरी माणूस दुसऱ्या दिवशीच गावाची वाट धरेल. शिवाय दोघांचे पासपोर्ट नाहीत. लक्षद्वीपचाही विचार केला होता, पण तिथे आपल्यालाही प्रवेश परवाना काढावा लागतो आणि राहायच्या सोयी मोजक्या. अंदमानात मुख्य पर्यटन बेटांना आपल्याला परवाना लागत नाही, आधार कार्ड पुरतं. आणि आप्पांना सेल्युलर जेल पाहायची शाळेपासूनची इच्छा आहे. 1911 मध्ये सावरकरांना तिथे नेलं, हे ते आम्हाला लहानपणापासून सांगत आलेत.

एका टूरवाल्याने आराखडा दिला, तो वाचून मला रडू आलं. पहिल्या दिवशी जेल, दुसऱ्या दिवशी बाराटांग बेट, तिसऱ्या दिवशी हॅवलॉक बेट, चौथ्या दिवशी नील बेट, पाचव्या दिवशी रॉस बेट आणि नॉर्थ बे. रोज बॅगा भरायच्या, रोज जेट्टीवर रांग. बाराटांगला तर पहाटे तीन-साडेतीनला निघून जिरकाटांगच्या फाटकावर गाड्यांच्या ताफ्याची वाट पाहायची, पुढे फेरीबोट, मग छोटी बोट, मग चुनखडीच्या गुहेपर्यंत पायपीट. आप्पांच्या गुडघ्याला ते झेपणार नाही. आणि खरं सांगायचं तर तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, तिथून "दिसतात का" म्हणून माना वळवत जायचं माझ्या मनाला पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच त्या भागातला रस्ता बंद करायला सांगितलं होतं. बाराटांग मी काढून टाकलंय, त्यावर कुणी आग्रह करू नका.

आता अडलेल्या गोष्टी.

सगळ्यात मोठा प्रश्न हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, राहायचं कुठे. आमच्या आवाक्यातली बहुतेक रिसॉर्टं पूर्वेच्या बाजूला, गोविंदनगर-विजयनगरकडे दिसतात. फोटोत खोलीच्या दारात निळं पाणी आहे. पण वाचताना कळलं की ओहोटीला तिथलं पाणी खूप मागे जातं आणि खडक-प्रवाळ उघडे पडतात. राधानगर पश्चिमेला आहे, तिथे लांबच लांब वाळू. सूर्यास्त तिथलाच, आणि जानेवारीत तो सव्वापाच-साडेपाचलाच होतो, म्हणजे जेवणानंतर लगेच निघायला हवं. पण त्या बाजूची हॉटेलं फार महाग. पूर्वेला राहून रोज दुपारी राधानगरला रिक्षाने जाणं जमतं का? परतीला अंधारात रिक्षा मिळते का? आईला पाण्यात पाय सोडून बसायचंय, खडकात नाही. भरती-ओहोटीच्या वेळा पाहून, शक्यतो सकाळी भरती असेल असे दिवस धरावेत असं माझ्या मनात आहे. कुणी असं केलंय का?

दुसरं, बोट. खाजगी कॅटामरान (वेगवान बोट) दीड तासात पोचवते पण काचबंद असते. सरकारी बोट सावकाश जाते, पण तिच्यात उघड्यावर उभं राहता येतं असं ऐकलं. आईला बंद एसटीतही मळमळतं. तिच्यासाठी काय बरं?

तिसरं, जेल. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे. सात लांबलचक इमारतींपैकी आता तीनच उरल्यात, त्यामुळे चालणं फार नसावं, पण जिना कसा आहे? कठडा धरून चढता येईल का? आप्पा खाली थांबणार नाहीत, हे मला माहीत आहे.

प्रवासाचं म्हणाल तर आप्पांना विमान एकदाच हवंय. भुसावळहून नवजीवन एक्सप्रेसने चेन्नई, तिथून विमानाने दोन-सव्वादोन तास. गाडीत जवळपास एक दिवस जातो, पण रात्री झोप होते. मेथीच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आई घेणारच आहे. शाकाहारी जेवण तिकडे मिळतं हे बऱ्याच जणांनी सांगितलंय, त्याची काळजी नाही.

बजेट रेल्वे-विमान धरून दीड लाख.

दोन दिवसांनी भर:

इतक्या जणांनी लिहिलंत, फार आभार. सगळं आप्पांना वाचून दाखवलं. आईसुद्धा चुलीपाशी थांबून ऐकत होती.

आता असं ठरतंय: पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, म्हणजे श्री विजयपुरम, मग तीन रात्री स्वराज द्वीप, शेवटची रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअर. नील सोडलं. मला वाईट वाटलं, कारण ओहोटीला दिसणारा तिथला खडकाचा नैसर्गिक पूल पाहायचा होता. पण तीन रात्री एका जागी मिळाल्या तर आईची भीती मोडेल, हे ज्यांनी लिहिलं त्यांचं पटलं. मी मनाशी जेल शेवटच्या दिवसावर ठेवली होती, ती पहिल्याच दुपारी घेतली. आप्पा पहिल्या दिवशी ताजे असतील, आणि जेल पाहून झाली की ते बाकीचे दिवस शांत बसतील.

मला स्वतःला एकदा स्कूबा (हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं) करायचंय, पोहता येत नाही तरी. त्यानंतर किमान 18 तास विमान नको, हे माहीत आहे, म्हणून ते बेटावरच्या दुसऱ्या सकाळी. तेवढा वेळ आई-आप्पा किनाऱ्यावर झाडाखाली बसतील. आईला सांगून ठेवलंय की शंख-प्रवाळ उचलून आणायचे नाहीत, तिथे मनाई आहे. ती म्हणाली, "मंग शेजारनीला काय नेऊ?" तर आणण्यासारखं दुसरं काही असेल तर सांगा, खोबऱ्याचं काहीही चालेल.

बेटावर रोख किती ठेवावी तेही सांगा, तिथे एटीएम मोजकेच आहेत आणि नेटवर्क कधी असतं कधी नसतं, असं तुमच्यापैकी दोघांनी लिहिलंय.

आणि जेट्टीचं कुणीच लिहिलं नाही. बोटीत चढताना फळी असते की पायऱ्या? आप्पांना धरायला बाजूला कठडा असतो का, की कुणाला तरी पुढे उभं राहून हात द्यावा लागेल?