दुष्काळी वर्षात पाणवठ्यावर जास्त प्राणी दिसतात, त्याचा अर्थ काय घ्यावा?

प्रश्न: पाऊस फार कमी झाल्यामुळे अभयारण्यातील बहुतेक ओढे आटले आहेत. उरलेल्या एका पाणवठ्याजवळच्या मचाणावरून मात्र एरवी क्वचित दिसणारे प्राणीही रोज दिसू लागले आहेत. अशा नोंदींवरून त्यांच्या संख्येविषयी काही म्हणता येईल का? आणि आपल्या तेथे बसण्याने त्यांची अडचण तर होत नसेल ना?

प्रतिसाद १: नोंदी अवश्य ठेवाव्यात, पण त्यांना गणना समजू नये. पाणी एकाच जागी उरले की दूरदूरचे कळप तेथे येतात, तोच कळप पुन्हा मोजला जातो, आणि चाऱ्यातील ओलाव्यावर बराच काळ निभावणारा चिंकारा मात्र आपल्या यादीत जवळजवळ येतच नाही. माझ्या मते अशा वर्षी डोकी मोजण्यापेक्षा प्राण्यांची अवस्था टिपणे अधिक मोलाचे आहे: बरगड्या आणि कमरेची हाडे किती वर आली आहेत, माद्यांबरोबर पिल्ले आहेत का, आणि कळप पाणी पिऊन कोणत्या दिशेला चरायला जातो. केनियातील त्सावो येथे १९७०-७१ च्या दुष्काळात हजारो हत्ती मेले, त्यांत माद्या आणि पिल्ले अधिक होती. पिल्लांमुळे पाण्यापासून फार लांब जाता येत नव्हते, जवळचा पाला संपला होता, आणि म्हणून पाणी समोर असूनही त्यांची उपासमार झाली.

प्रतिसाद २: अडचण नक्कीच होऊ शकते. वारा प्राण्यांकडून आपल्याकडे येईल अशीच जागा घ्यावी, पाण्याकडे येणारी पायवाट मोकळी ठेवावी, आणि एखादा कळप काठापर्यंत येऊन न पिताच परतला, तर त्या दिवशी तेथून उठावे. ओल्या वर्षी त्याला दुसरा पाणवठा असतो, आता नाही.

प्रश्नकर्ता: मग आणखी कृत्रिम पाणवठे करावेत, अशी मागणी करणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद ३: घाईने करू नये. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात उत्तरेकडील कोरड्या भागात कृत्रिम पाणवठे झाल्यावर झेब्रे आणि विल्डबीस्ट तेथे वाढले, त्यांच्यामागे सिंह आले, आणि उंच गवतात राहणाऱ्या, मुळातच थोड्या असलेल्या रोन कुरंगांची संख्या १९८६ मधील सुमारे ४५० वरून १९९३ पर्यंत सुमारे ४५ वर आली. पुढे त्यांतील काही पाणवठे बंद करावे लागले. पाणी सोडणे सोपे असते, चारा मात्र तेवढाच राहतो. त्यामुळे मागणी करायचीच असेल, तर पाणवठ्याभोवती किती अंतरापर्यंत गवत आणि पाला उरला आहे याची पाहणी आधी व्हावी, अशी करावी. प्रतिसाद १ मध्ये सांगितलेल्या नोंदी त्या पाहणीला उपयोगी पडतील.