अनुभव धागा: व्हॉटसन हॉटेल, बिडाचा सांगाडा आणि पुढे काय

कौलारू:
मुंबईतल्या काळा घोड्याजवळच्या व्हॉटसन हॉटेलचा एक जुना फोटो सकाळी ग्रुपवर फिरत आला आणि मनातून जाईना. पाच मजले, दर्शनी बाजूला रुंद सज्जे. आज तीच इमारत एस्प्लनेड मॅन्शन म्हणून २०१९ पासून रिकामी. आयआयटी मुंबईचा अहवाल म्हणतो पाडा, वारसावाले म्हणतात दुरुस्त होते.
थोडक्यात ओळख: हॉटेल उभारणारा जॉन व्हॉटसन हा कापडवाला. रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरने आराखडा केला (लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनच्या छपरातही त्याचा हात). बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, सांगाडा इंग्लंडमधल्या डर्बीच्या फिनिक्स फाउंड्रीत ओतला, जहाजाने आणला, इथे बोल्ट मारून उभा केला. १८६० च्या दशकातलं काम. १३० खोल्या.
ताजच्या अपमानाची गोष्ट (इथे प्रवेश नाकारला म्हणून टाटांनी ताज हॉटेल बांधलं, ही दंतकथा) सगळ्यांना पाठ आहे, ती नको. जुन्या लोखंडात, लाकडात, भाडेकरूंच्या कागदात ज्यांचे हात मळलेत त्यांनी कामाचं लिहा.

ओतारी_आळी:
बीड म्हणजे दाबाला पैलवान, ताणाला कच्चं. ताणातली ताकद दाबाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. सरळ उभ्या खांबाला दीडशे वर्षं काहीच नाहीत. खांबाला बाजूने सज्जा लटकवला की वाक येतो, एका अंगाला ताण येतो, आणि बीड वाकून इशारा देत नाही, थेट तुटतं.
पोकळ खांब आडवे ओतत. आतला गाभा साच्यात वर तरंगायचा, त्यामुळे एका बाजूची जाडी ३० मिमी तर समोरची १५ निघू शकते. एकाच जागी मोजून गणित करू नका. परिघावर तीन-चार ठिकाणी बारीक भोकं पाडा, तारेचा आकडा आत घालून मोजा. अल्ट्रासाउंडचं यंत्र बिडातल्या ग्रॅफाइटमुळे फसतं.

दुपारचा_चहा:
बीडचा जिल्ह्याशी संबंध नाही ना 😀

ओतारी_आळी:
नाही हो. तव्यातलं बीड.

बद्दवाजतंय:
समुद्रकाठी गंजाहून वाईट एक प्रकार असतो. बिडातलं लोखंड विरघळून जातं आणि मागे ग्रॅफाइटचा सापळा राहतो. आकार तोच, नक्षीची पानंफुलं शाबूत, रंगाखाली सगळं ठणठणीत दिसतं. चाकूचं टोक टेकवून ओढा: पेन्सिलीच्या शिशासारखी काळी भुकटी निघाली तर तेवढी जाडी हिशेबातून वजा करा. आधी छोट्या हातोडीने ठोकून घ्या. चांगलं बीड टण्ण वाजतं, गेलेलं बद्द.
सज्ज्याच्या मुळाशी हे जास्त, कारण पाणी तिथेच साचतं. २००५ ला तिथले सज्जे कोसळून एक जण गेला, त्यानंतर तरी पन्हळी आधी दुरुस्त व्हायला हव्या होत्या.

फोर्टकर:
पाणी पाणी पाणी. हॉटेल बंद पडल्यावर खोल्यांचे खुराडे पाडले, ऑफिसं, वकिलांच्या चेंबर्स (सेशन्स कोर्ट हाकेच्या अंतरावर). मग अशा इमारतीत काय होतं? सज्ज्यात मोरी येते, एसीचं पाणी थेंब थेंब नेमकं तुळईच्या सांध्यावर. सांध्यात गंज फुगतो, मूळ लोखंडाच्या सहा-सात पटीपर्यंत, आणि बोल्टचा कान (बोल्ट अडकवायला ओतलेला पुढे आलेला भाग) फोडतो. पाट्या लावायला खांबाला पाडलेली भोकं वेगळीच.

तुळई:
वजनाचं कुणी बोलेना म्हणून लिहिते, भाजी गॅसवर आहे, घाईत.
लाकडी तक्तपोशीवर (फळ्यांच्या जमिनीवर) ५० मिमी कोबा = चौरस मीटरला १२० किलो. दहा बाय दहाची खोली म्हणजे ११०० किलोच्या वर. साडेचार इंची विटांची पार्टिशन, ३ मीटर उंच: धावत्या मीटरला साधारण ६५० किलो. ५०० लिटरची टाकी अर्धा टन. वर पोटमाळा, पोटमाळ्यावर फायली. म्हणून पहिलं काम दुरुस्ती नाही, उतरवणं. टाक्या, कोबा, पार्टिशन, याच क्रमाने. आणि वरच्या मजल्यापासून खाली.
टेकू देताना होणारी चूक: तिसऱ्या मजल्यावर टेकू लावायचा आणि दुसऱ्यावर काहीच नाही. भार दुसऱ्याच्या तक्तपोशीवर येतो. टेकू एकाखाली एक, सरळ रेषेत, थेट जमिनीपर्यंत हवेत.

फोर्टकर:
@तुळई अगदी. पण खांबांमधली विटांची भरण सगळी पाडू नका बरं. तिरप्या पट्ट्या नसलेल्या सांगाड्यात वाऱ्याचा आडवा रेटा तीच भरण पेलते. मूळची कुठली, नंतरची कुठली, आधी चुन्यावरून ओळखा. सिमेंटचा सांधा दिसला की बहुधा उपरी.

चिंचपेटी:
१८९६ च्या ७ जुलैला ल्युमिएर बंधूंचे हलते पट इथेच दाखवले, तिकीट एक रुपया. त्या सहा पटांपैकी एक होता भिंत पाडण्याचा! इमारतीला तेव्हाच कल्पना दिली म्हणायची. आपले सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, त्याच वर्षी हे पट पाहून भारावले आणि १८९९ ला हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. अवांतराबद्दल क्षमस्व.

कौलारू:
अवांतर चालेल, असं अवांतर तर चालेलच.

जहाजी:
एक भाबडा प्रश्न. तुकड्यांत आली होती ना? मग नंबर घालून सुटी करा, दुरुस्त करा, परत जोडा.

ओतारी_आळी:
कागदावर झकास. सांध्यात त्या काळी लोखंडाचा कीस, नवसागर आणि गंधक यांचं मिश्रण ठोकून भरायची पद्धत होती. ते गंजून दगड होतं. बोल्ट फिरवायला गेलात तर बोल्ट नाही फिरत, कान तुटतो. जागेवरच शिवलेलं बरं: तड्याला आडवी भोकांची ओळ पाडायची, निकेल मिश्रधातूच्या चाव्या (टाक्यासारख्या पट्ट्या) ठोकून बसवायच्या, मग तड्याच्या लांबीने आटे पाडून एकमेकांवर चढणारे स्टड (आट्यांच्या खुंट्या). उष्णता शून्य. वेल्डिंगवाल्याला फाटकाच्या आत घेऊ नका. एका जागी तापलं की शेजारी नवा तडा.

बद्दवाजतंय:
रंगालाही असेच नियम. घासून झाल्यावर चार तासांत झिंक फॉस्फेटचा पहिला हात. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर डबा उघडूच नये. म्हणजे मुंबईत जून ते सप्टेंबर विसरा. टेंडर मात्र बरोबर मेमध्ये निघतं.

वकीलबाई:
कोर्टाच्या जेवणाच्या सुट्टीत टाइप करतेय. सगळे लोखंडावर बोलताय, खरी गाठ भाड्यात आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, वार्षिक वाढ ४ टक्के. २०० रुपये भाडं असेल तर पहिल्या वर्षी वाढ ८ रुपये. ८ रुपयांत मालक रंगाचा ब्रशही आणणार नाही. आणि पागडी देऊन आलेला माणूस जागा का सोडेल?
जुन्या इमारतीत राहणाऱ्यांसाठी: धोकादायक इमारतींच्या पालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२ म्हणजे दुरुस्ती. सी-१ ची नोटीस आली तर बाहेर पडण्याआधी आपल्या जागेचं मोजमाप लेखी करून घ्या, पोटमाळ्यासकट. भाडेपावत्या, वीजबिलं एका फाइलीत. जागा पडल्यावर चौरस फूट सिद्ध करणं महाकठीण.
इथे भर म्हणून वारसा श्रेणी दोन-अ. वारसा समितीच्या संमतीशिवाय बाहेरून हात लावता येत नाही, म्हणजे पाडूनही टॉवर सहज उभा राहत नाही. म्हणून कुणालाच घाई नाही.

जहाजी:
मग परत हॉटेलच करा की.

तुळई:
१३० खोल्या म्हणजे आजच्या हिशेबाने १३० बाथरूम. ओलं काम लाकडी तक्तपोशीवर पसरलं तर दहा वर्षांत परत हाच धागा. बाथरूम एकाखाली एक, वेगळ्या स्वतंत्र सांगाड्यावर, मग खोल्या निम्म्या होतील. आणि आगीचं बघा: तापलेल्या बिडावर बंबाचं गार पाणी पडलं की खांब तडकतो. आगीत फुगून लोखंडाला वाचवणारा रंग चढवायचा तर नक्षी बुजते. ग्रंथालय नको (वजन; शिवाय शेजारी डेव्हिड ससून ग्रंथालय आहेच), कलादालन ठीक.

दुपारचा_चहा:
तापलेल्या बिडावर गार पाणी... माझा डोशाचा तवा असाच गेला 😭 कडेपासून दोन इंच तडा. वेल्डिंग होईल का?

ओतारी_आळी:
वर काय लिहिलंय, ताई. तड्याच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, तडा पुढे सरकत नाही. डोसा मात्र गळेल.