उद्योगाच्या फिल्मचा ब्रीफ : कारखान्याने लिहावा की निर्मात्याने?

धागाकर्ता (विपणन विभाग, भोसरी)

कारखान्याची फिल्म करायची ठरली की बहुतेक ठिकाणी तीन निर्मात्यांना फोन करून ‘दोन-तीन मिनिटांची चांगली फिल्म हवी, किती खर्च येईल?’ असे विचारले जाते. तिघांनी मनात तीन वेगळ्या फिल्म धरून आकडे सांगितलेले असतात, त्यामुळे त्यांची तुलना करण्यात अर्थ नसतो. तरीही काम सर्वांत कमी आकड्याला मिळते. माझे म्हणणे असे, की कोटेशन मागवण्याआधी कारखान्यानेच एक पानाचा ब्रीफ, म्हणजे कामाचे लेखी टिपण, लिहावा आणि फिल्म कोणी पाहायची, कुठे पाहायची व पाहून त्याने काय करायचे, एवढे त्यात स्पष्ट सांगावे.

बेंगळुरूच्या इमटेक्स या यंत्रांच्या प्रदर्शनातील स्टॉलवर लावायची फिल्म घ्या. आजूबाजूला यंत्रे चालू असल्यामुळे निवेदन ऐकू येत नाही आणि पाहणारा चालता चालता मध्येच थांबतो, म्हणून ती आवाजाशिवाय कळली पाहिजे आणि कुठूनही पाहिली तरी अर्थ लागला पाहिजे. परदेशातील खरेदी अधिकाऱ्याला मेलने पाठवायच्या फिल्ममध्ये मात्र तपासणी विभाग आणि पॅकिंग निवांतपणे दिसावे लागते, तर आयटीआय झालेल्या मुलांना नोकरीसाठी बोलवायचे असेल तर कँटीन, बस आणि शिकवणारा फोरमन दाखवावा लागतो. यांपैकी कोणती फिल्म हवी, हा धंद्याचा निर्णय आहे. तो दिग्दर्शकावर सोडू नये.

प्रतिसाद : दिग्दर्शक, पुणे

हेतू मालकाने सांगावा, हे मान्य. लेखी ब्रीफ त्याने करावा, हे मात्र मला मुळीच मान्य नाही. आमच्याकडे येणाऱ्या कागदांत संस्थापकांचे छायाचित्र, स्थापनेपासूनचा इतिहास, आयएसओ प्रमाणपत्र आणि झाडून सगळी यंत्रे असतात, शिवाय ‘गुणवत्ता हाच आमचा ध्यास’ हे वाक्य. ग्राइंडिंगचा कारागीर नुसत्या आवाजावरून चाक बिघडल्याचे ओळखतो, हे त्या कागदात कधीच नसते, कारण रोज पाहून मालकाला त्याचे काही वाटेनासे झालेले असते. अशी गोष्ट रेकीलाच, म्हणजे चित्रीकरणाआधी जागेची पाहणी करतानाच, सापडते. संचालकांच्या सह्या झालेला कागद आधीच हाती पडला, की पुढे सापडलेल्या कोणत्याही गोष्टीला त्यात जागा उरत नाही. म्हणून रेकी आणि दोन-चार जणांशी बोलणे झाल्यावर ब्रीफ आम्ही लिहावा आणि त्या कामाचे पैसे वेगळे मिळावेत.

प्रतिसाद : फाउंड्रीचालक, कोल्हापूर

म्हणजे कापड किती लागेल हे शिंप्यानेच ठरवायचे आणि मापे घेण्याचेही पैसे द्यायचे! दिग्दर्शकांच्या अनुभवाबद्दल आदर राखून सांगतो, की काही गोष्टी कितीही रेकी केली तरी त्यांना कळणार नाहीत. आमच्याकडे ओतकाम पहाटे होते. हे आधी लिहून दिले नाही तर चित्रीकरणाचे युनिट सकाळी दहाला येते आणि त्याला थंड पडलेले साचे दिसतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ग्राहकांशी झालेले गुप्ततेचे करार. कोणता सुटा भाग कॅमेऱ्यासमोर आणायचा नाही, कोणत्या भिंतीवर कोणाचे ड्रॉइंग लावलेले आहे, हे आम्हालाच माहीत असते. फिल्म प्रसिद्ध झाल्यावर ग्राहकाचा फोन आला तर उत्तर निर्मात्याला नव्हे, आम्हाला द्यावे लागते.

प्रतिसाद : संकलक, मुंबई

ब्रीफ कोणीही लिहा, पण अंतिम मंजुरी कोणाची, हे त्यात एकाच व्यक्तीच्या नावाने लिहा. विक्री विभागाने संमत केलेली फिल्म मालकांच्या मुलाने पाहिली की सगळे पुन्हा सुरू होते, आणि बदलांच्या किती फेऱ्या मूळ दरात धरल्या आहेत यावरून वाद होतो. तसेच आडव्या 16:9 बरोबर मोबाइलसाठी उभे 9:16 ही हवे असेल तर ते चित्रीकरणाआधी कळले पाहिजे, कारण लांबलचक कन्व्हेयरचे आडवे दृश्य उभ्या चौकटीत बसवणे नंतर शक्य नसते. निवेदनाचेही तसेच. दोन मिनिटांत मराठीचे साधारण अडीचशे शब्द नीट बोलता येतात. आमच्याकडे मात्र निवेदन म्हणून अख्खे माहितीपत्रकच येते.

प्रतिसाद : दिग्दर्शक, पुणे

पहाटेचे ओतकाम आणि न दाखवायच्या वस्तूंची यादी कारखान्यानेच द्यावी, यात शंका नाही. पण ती माहिती झाली. माझा आक्षेप मांडणी ठरवून देण्याला आहे. ‘अमुक कंपनीची आहे तशीच करा’ असे म्हणून लिंक पाठवली, की दोन स्पर्धकांच्या फिल्म एकसारख्या निघतात आणि दोष आमच्यावर येतो.

धागाकर्ता

मांडणी तुमचीच राहू द्या, तिच्याबद्दल माझा आग्रह नाही. पण हक्कांचा विषय कोटेशनच्या आधी लेखी यावा, असे मी पुन्हा म्हणेन. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, 1957 (कॉपीराइट कायदा) च्या कलम 17 नुसार मोबदला देऊन करून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक ती करून घेणारा असतो, पण विरुद्ध करार नसेल तरच. आणि असा करार कोटेशनच्या मागच्या पानावरील बारीक अटींतून सहज होऊन जातो. पार्श्वसंगीताचा परवाना कोणत्या माध्यमांसाठी व किती काळासाठी आहे आणि मूळ फुटेज कोणाकडे राहील, हेही निर्मात्याने लिहिलेल्या ब्रीफमध्ये मला क्वचितच दिसले आहे.

प्रतिसाद : दिग्दर्शक, पुणे

फुटेज देऊ, पण हार्ड डिस्क तुमची आणि दरही वेगळा. रेकीच्या पैशांबद्दल मात्र अजून कोणीच बोललेले नाही.